वासरे व कालवडींचे संगोपन : पुणे–पिंपरी परिसरातील इतिहास

दुभत्या जनावरांच्या पिलांची जन्मापासून पहिल्या वेतापर्यंत घेतली जाणारी निगा म्हणजे वासरांचे संगोपन होय. गाईच्या पिलास वासरू व म्हशीच्या पिलास रेडकू म्हणतात. मादी पिलांना वयात येईपर्यंत व पुढे पहिल्यांदा विईपर्यंत अनुक्रमे कालवड व पारडी, तर वाढत्या नर वासराला गोऱ्हा व पुढे खोंड असे म्हटले जाते. दुग्धव्यवसायातील उत्पादन आजच्या गाई-म्हशींवर अवलंबून असले, तरी त्याचे पुढील पाच-दहा वर्षांतील भवितव्य दावणीला असलेल्या कालवडींवर ठरते. असे असूनही दुधाची बाजारपेठ जसजशी वाढत गेली, तसतसे वासराच्या वाट्याचे दूध महाग होत गेले. पुणे, खडकी व पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात लष्करी छावणी, शेतकी शिक्षणाची केंद्रे आणि नंतर औद्योगिक वसाहत एकापाठोपाठ एक उभी राहिल्यामुळे वासरू आणि बाजार यांच्यातील या ओढाताणीचा इतिहास येथे विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

पूर्वपीठिका : वासराचा वाटा राखून दूध काढावे, हा विचार भारतात फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘गोऽध्यक्ष’ या अधिकाऱ्याच्या कामांचे वर्णन करताना मादी जनावरांचे वत्सिका, वत्सतरी, पष्ठौही, गर्भिणी, धेनू, अप्रजाता व वंध्या असे वर्ग दिले आहेत. दूध देणाऱ्या गाईइतकीच वाढत्या कालवडींची स्वतंत्र नोंद ठेवण्याची गरज त्या काळी ओळखली गेली होती, हे यावरून दिसते. जन्मल्यापासून एक-दोन महिन्यांत वासरांना खूण करावी, असाही नियम त्यात आहे. वर्षा, शरद व हेमंत या चाऱ्याच्या ऋतूंत दिवसातून दोनदा, तर शिशिर, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत एकदाच धार काढावी, असे सांगून नियम मोडून दुसऱ्यांदा धार काढणाऱ्याचा अंगठा तोडण्याची शिक्षा त्यात सांगितली आहे. चारा कमी असताना उरलेले दूध वासराचेच, असा या कठोर नियमाचा व्यवहारी अर्थ होतो.

महाराष्ट्रात आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, सवत्स धेनूची पूजा होते आणि त्या दिवशी व्रतस्थ स्त्रिया दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य करतात. मात्र धार्मिक आदर आणि गोठ्यातील व्यवहार यांचा मेळ नेहमीच बसला असे नाही. दख्खनच्या पठारावरील शेती बैलांवर चालत असल्याने खिलार, डांगी, देवणी यांसारख्या वंशांची पैदास मुख्यतः ओढकामासाठी झाली. त्यामुळे गाईच्या गोऱ्ह्यास मोल होते व त्याच्यासाठी दूध राखले जाई. म्हशीच्या बाबतीत परिस्थिती उलट होती. टोणग्याचा शेतीस फारसा उपयोग नसल्याने नर रेडकाची उपासमार हा म्हशीच्या दुधाच्या व्यवसायाचा जवळजवळ नियमच होऊन बसला.

छावणी, दुग्धशाळा व शेतकी महाविद्यालय : ब्रिटिश अमदानीत छावण्यांतील सैनिकांना व रुग्णालयांना स्वच्छ दूध-लोणी पुरविण्यासाठी लष्कराने स्वतःच्या दुग्धशाळा काढल्या. त्यांतील पहिली १८८९ मध्ये अलाहाबाद येथे सुरू झाली. पुणे व खडकी या मोठ्या छावण्यांच्या परिसरातही अशी व्यवस्था झाली आणि पिंपरी येथील ‘मिलिटरी डेअरी फार्म’ हे नाव त्या भागाला कायमचे चिकटले. लष्करी व सरकारी दुग्धशाळांमध्ये वासरू जन्मताच आईपासून वेगळे करून त्यास मोजून, बादलीने दूध पाजण्याची पद्धत होती. तिच्यामुळे गाईचे खरे दूध किती व वासराने प्यायलेले किती, हे प्रथमच अचूक कळू लागले. वासरू मेले तरी गाय दूध देत राहते, हाही या पद्धतीचा एक लाभ होता. परंपरागत गोठ्यात वासराने तोंड लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नसे व वासरू दगावल्यास बहुधा तिचे दूध आटे. वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईसमोर ठेवण्याची चाल यातूनच पडली. पान्हा सोडविण्यासाठी जनावराच्या जननमार्गात हवा फुंकण्याची ‘फुंका’ नावाची क्रूर रीतही शहरी गोठ्यांत आढळे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने ती दंडनीय ठरविली आहे.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक झालेले हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपरीलगतच्या पिंपळे सौदागर या गावाची सविस्तर आर्थिक पाहणी केली. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय खेड्याच्या अशा पाहण्यांपैकी ही एक आद्य पाहणी होय. जमिनीचे पराकोटीचे तुकडीकरण, कर्जबाजारीपणा आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील मजुरीवर वाढते अवलंबित्व या गोष्टी तिच्यात पुढे आल्या. पशुसंवर्धनाच्या दृष्टीने या निष्कर्षांना फार महत्त्व आहे. ज्या कुटुंबाची जमीन तुकड्यातुकड्यांत विखुरली आहे व ज्यातील कर्ता पुरुष कारखान्यात जातो, त्या कुटुंबास तीन-चार वर्षे काहीही उत्पन्न न देणारी कालवड पोसणे परवडत नाही. तयार दुभते जनावर विकत घेणे किंवा जनावर ठेवण्याचेच सोडून देणे, हे दोनच मार्ग त्यापुढे उरतात. पुढील शंभर वर्षांत या पट्ट्यात हेच घडत गेले.

देशातील पशुधन व दुग्धव्यवसाय यांचा विचार १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने आणि १९३७ मध्ये नॉर्मन राइट यांनी केला. गांधीजींच्या प्रेरणेने जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात वर्धा येथे गोसेवेचे काम हाती घेतले होते. गाय टिकवायची तर तिचे दूध वाढले पाहिजे आणि त्यासाठी निवडक वासरे नीट वाढविली पाहिजेत, हे सूत्र या निरनिराळ्या प्रयत्नांत समान आहे.

शहरी गोठे व वासरांचा प्रश्न : मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला. ताज्या विलेल्या म्हशी गुजरात व उत्तर भारतातून रेल्वेने आणल्या जात. जागा अपुरी व दुधाला भाव अधिक, त्यामुळे रेडके थोड्याच दिवसांत उपासमारीने मरत आणि आटलेल्या उत्तम म्हशींपैकी कित्येक कसायाकडे जात. अशा रीतीने देशातील सर्वांत दुधाळ जनावरांचा वंश शहरात येऊन संपत असे. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आरे दुग्धवसाहतीने शहरातील गोठे बाहेर हलविले व दुधाच्या शुद्धतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. तथापि दूध जेथे खपते तेथे वासरू वाढविणे महाग पडते, हे मूळ कारण कायमच राहिले.

पिंपरी-चिंचवडमध्ये याच प्रश्नाची छोटी आवृत्ती पाहावयास मिळाली. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. साठीच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी, आकुर्डी, चिंचवड परिसरातील जमिनी संपादित केल्या. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. कामगारवस्तीमुळे दुधाची मागणी अनेक पटींनी वाढली, पण गायराने व पडीक राने मात्र नाहीशी झाली. गावठाणांत टिकून राहिलेल्या गोठ्यांनी दूध विकून पैसा केला, परंतु कालवडी वाढविण्याचे काम खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर अशा चारा असलेल्या तालुक्यांकडे सरकले. चाकणचा शनिवारचा जनावरांचा बाजार हा या दोन जगांना जोडणारा दुवा ठरला. पुढे चाकणभोवतीही कारखाने उभे राहिले आणि ही सीमा आणखी उत्तरेकडे सरकली. भाकड व निरुपयोगी ठरलेल्या जनावरांच्या आश्रयासाठी पांजरपोळ संस्था असून पुण्याच्या पांजरपोळामुळे भोसरीतील एका चौकास तेच नाव मिळाले आहे.

चिकाचे महत्त्व : विल्यानंतर प्रथम येणाऱ्या दाट, पिवळसर दुधास चीक म्हणतात. त्यापासून होणारा खरवस महाराष्ट्रात आवडीने खाल्ला जातो. पहिला चीक वासरास बाधतो, या समजुतीने किंवा वार पडेपर्यंत धार काढू नये या रूढीने वासरास कित्येक तास उपाशी ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी होती व अद्यापही पूर्णपणे गेलेली नाही. गाईच्या वारेची रचना अशी असते, की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे (रोगप्रतिकारक प्रथिने) गर्भात जाऊ शकत नाहीत. त्यामुळे नवजात वासराजवळ रोगांशी सामना करण्याचे साधन जवळजवळ नसतेच. ते त्यास केवळ चिकातून मिळते. अमेरिकेत थीओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चीक न मिळालेली बहुतेक वासरे दगावली, तर चीक मिळालेली वाचली.

प्रतिपिंडे अखंड स्वरूपात शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने घटते व साधारणतः २४ तासांत नष्ट होते. म्हणून पहिला चीक शक्यतो पहिल्या एक-दोन तासांत पाजावा व पहिल्या दिवसात एकूण चीक वासराच्या वजनाच्या सु. एक-दशांश असावा, असा दंडक आहे. २५ किग्रॅ. वजनाच्या वासरास याप्रमाणे सु. अडीच लि. चीक लागतो. चांगल्या गाईला याहून पुष्कळ अधिक चीक येतो. त्यामुळे खरवस व वासरू यांत खरा विरोध नाही; प्रश्न फक्त आधी कोणी प्यावे एवढाच आहे.

वासरांचे रोग : वासरांच्या मृत्यूंपैकी मोठा भाग पहिल्या महिन्यात होतो. हगवण, फुप्फुसदाह व नाळेतून शिरणाऱ्या जंतूंमुळे होणारी सांध्यांची सूज ही त्याची मुख्य कारणे होत. नाळ स्वच्छ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावणे, गोठा कोरडा ठेवणे व वासरे दाटीवाटीने न बांधणे हे साधे उपाय यावर परिणामकारक ठरतात. हगवणीत मृत्यू बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने होतो. म्हणून दूध पूर्णपणे बंद न करता क्षारयुक्त पाणी पाजत राहणे आवश्यक असते. रेडकांमध्ये आईच्या दुधातूनच गोलकृमींची बाधा होत असल्याने दुसऱ्या आठवड्यातच जंतनाशक द्यावे लागते.

पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. देशी उत्पादनामुळे प्रतिजैव औषधे माणसांप्रमाणेच पशुवैद्यकातही सुलभ झाली आणि फुप्फुसदाहाने मरणारी पुष्कळ वासरे वाचविता येऊ लागली. पण औषध सहज मिळू लागल्याने चीक व स्वच्छता यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही निर्माण झाला. साध्या हगवणीतही प्रतिजैवांचा सरसकट वापर केल्याने त्यांना दाद न देणारे जंतू वाढतात, हे आता सर्वमान्य झाले आहे. गाई-बैलांचे कळपच्या कळप नष्ट करणारा बुळकांड्या हा रोग लसीकरणाने भारतातून हद्दपार झाला व २०११ मध्ये त्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत यांवरील लसी वासरांना चार ते सहा महिन्यांच्या वयापासून देतात. सांसर्गिक गर्भपाताविरुद्धची लस चार ते आठ महिने वयाच्या फक्त मादी वासरांना टोचतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लंपी त्वचारोगाने वासरांची विशेष हानी केली.

संकरित पैदास व कालवड संगोपन : पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून आदर्श ग्राम योजना व १९६४-६५ पासून सघन पशुविकास प्रकल्प यांद्वारे सुधारित वळूंचा व कृत्रिम वीर्यसेचनाचा प्रसार सुरू झाला. महाराष्ट्रात या कामास खरी गती उरुळी कांचन येथून मिळाली. १९४६ मध्ये गांधीजींनी तेथे सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमाची धुरा मणिभाई देसाई यांनी सांभाळली. आश्रमात गीर गाईंचा उत्तम कळप तयार करताना आलेल्या अनुभवाच्या आधारे त्यांनी १९६७ मध्ये भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन (बाएफ) ही संस्था स्थापन केली. होल्स्टिन फ्रिजियन व जर्सी या विदेशी वंशांच्या वळूंचे गोठविलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारात नेऊन गाई भरविण्याची तिची पद्धत देशभर अनुकरणीय ठरली. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली. लष्करी दुग्धशाळांनी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने पाच-अष्टमांश फ्रिजियन व तीन-अष्टमांश साहिवाल रक्त असलेली ‘फ्रिजवाल’ ही जात तयार केली.

वीर्याची एक नळी दारात आली, की गाईचा वंश एका पिढीत बदलतो. पण त्या वंशाचे दुधात रूपांतर होण्यासाठी अडीच वर्षे कालवड पोसावी लागते आणि ते काम बहुतांशी घरातील स्त्रियांवर पडते. संकरित कालवडीस देशी वासराप्रमाणे नुसत्या कडब्यावर वाढविल्यास तिचा लाभ मिळत नाही, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून केंद्र शासनाने १९७५-७६ पासून खास पशुधन पैदास कार्यक्रम सुरू केला. त्यात अल्पभूधारकांना, अत्यल्पभूधारकांना व शेतमजुरांना संकरित कालवडींच्या खाद्यासाठी अर्थसाहाय्य देण्यात आले. उत्पन्न न देणाऱ्या काळात जनावर पोसण्याची गरिबाची असमर्थता शासकीय धोरणात मान्य झाली, हे या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व होय. पुणे जिल्ह्यात १९६० मध्ये स्थापन झालेल्या सहकारी दूध संघामुळे (कात्रज दुग्धशाळा) आणि १९७० पासूनच्या दुग्धमहापूर योजनेमुळे खेड्यातील दुधास नियमित बाजार मिळाला. त्याचबरोबर वासराच्या तोंडचे दूध डेअरीच्या मापात जाण्याची ओढही वाढली.

संगोपनाची पद्धती : जन्मतः संकरित वासराचे वजन २५ ते ३० किग्रॅ. असते. पहिले काही आठवडे त्यास वजनाच्या सु. एक-दशांश दूध दोन-तीन वेळांत विभागून पाजतात. जन्मवेळी वासराच्या पोटाचा पहिला कप्पा, म्हणजे रोमंथिका, अविकसित असून त्याचे पचन एका पोटाच्या प्राण्याप्रमाणे चालते. दुसऱ्या आठवड्यापासून थोडे थोडे बारीक खुराक (मका, पेंड, कोंडा, क्षारमिश्रण), स्वच्छ पाणी व कोवळे गवत पुढे ठेवल्यास त्यांच्या आंबण्यातून निर्माण होणाऱ्या अम्लांमुळे या कप्प्याची वाढ होते. वासरू रोज सु. एक किग्रॅ. खुराक खाऊ लागले, की दूध हळूहळू बंद करता येते. हा टप्पा साधारणतः आठ ते बारा आठवड्यांत येतो. अशा रीतीने खुराकावर लवकर आणलेले वासरू व विक्रीचे दूध यांतील स्पर्धेचा काळ बराच आखूड होतो.

पुढे कालवडीची वाढ दररोज ४०० ते ५०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक राहावी असे पाहतात. हिरवी वैरण, लसूणघास, मुरघास, कडबाकुट्टी व क्षारमिश्रण यांवर ती १५ ते १८ महिन्यांत सु. २५० किग्रॅ. वजनाची होऊन माजावर येते. कालवड वयापेक्षा वजन पाहून, म्हणजे प्रौढ वजनाच्या सु. दोन-तृतीयांश झाल्यावर, भरवावी. उपासमार झालेली कालवड उशिरा माजावर येते, तर अति चरबी चढलेलीच्या कासेत दूधनिर्मितीच्या ऊतकाऐवजी चरबी साठते. चांगल्या निगेने संकरित कालवड २८ ते ३२ महिन्यांत विते. निकृष्ट निगेत हाच काळ ४० ते ४८ महिन्यांवर जातो. वाया गेलेले हे वर्ष-दीड वर्ष म्हणजे सबंध एका वेताचे नुकसान होय.

वासरांच्या मृत्यूचे परिणाम उदाहरणाने स्पष्ट होतील. दहा गाईंच्या गोठ्यात दोन वेतांतील अंतर १४ महिने धरल्यास वर्षाला आठ-नऊ वासरे होतात व त्यांतील सु. चार कालवडी असतात. दरवर्षी दोन ते अडीच गाई म्हातारपण, वांझपणा वा कासदाह यांमुळे बदलाव्या लागतात. चारही कालवडी वाढल्या तर त्यांतून चांगल्या दोन निवडता येतात. एक मेली व एक वाढ खुंटून मागे राहिली, तर निवडीस वाव राहत नाही. आहेत त्याच ठेवाव्या लागतात. दोन मेल्या आणि एक मागे राहिली, तर बाजारातून गाय आणावी लागते व तिच्याबरोबर रोगही येण्याचा संभव असतो. वासरांची मर्तुक पाच टक्क्यांच्या आत असणे हे म्हणूनच चांगल्या गोठ्याचे लक्षण मानतात.

सद्यःस्थिती : पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांत गेल्या दोन दशकांत मुक्त गोठा, मुरघास व वयानुसार वासरांचे स्वतंत्र कप्पे यांचा प्रसार झाला आहे. नर वासरांचा प्रश्न मात्र बिकट झाला आहे. ट्रॅक्टरमुळे बैलांची गरज घटली असून संकरित खोंडास ओढकामासाठी मागणी नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशातील नरांच्या कत्तलीसही बंदी आहे. त्यामुळे नर वासरू हा गोठ्यावरचा निव्वळ भार ठरून त्याच्याकडे पूर्वीच्या रेडकाप्रमाणेच दुर्लक्ष होते. सु. ९० टक्के मादी वासरे देणारे लिंगनिवडलेले वीर्य हा त्यावरील एक उपाय असून त्याचा वापर वाढत आहे.

लष्करी दुग्धशाळा बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१७ मध्ये घेतला व ३१ मार्च २०२१ रोजी ही व्यवस्था औपचारिकपणे संपुष्टात आली. पिंपरीत ‘डेअरी फार्म’ हे नाव उरले आहे. या पट्ट्यातील घरोघर येणारे दूध आता दूरच्या तालुक्यांतील गोठ्यांतून येते. ते पुढील पिढीतही येत राहील किंवा कसे, हे तेथील कालवडींना पहिल्या दिवशी मिळणारा चीक व पहिल्या वर्षी मिळणारा चारा यांवर अवलंबून आहे.